जोडी दिवाळीनंतर लागते

फाल्गुनात मंडळाची कबुतर उडवण्याची स्पर्धा असते तेव्हा आमच्या दुकानाच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, उभं राहायला जागा नसते. खाली मोटार वाइंडिंगचं काम बंद. वर पंच, पंचाची वही, दुर्बीण, गावातले पोट्टे आणि सगळ्यांच्या माना वर. कोणाचं कबुतर किती तास राहिलं, एवढंच लोक विचारतात. मला विचारावंसं वाटतं ते वेगळं. त्या कबुतराची आई कोणती? तिची बाकीची पिल्लं काय करतात? आभाळात कबुतर जे करतं त्यातलं बरंचसं निदान वर्षभर आधीच्या दिवाळीनंतरच ठरलेलं असतं, कोणता नर कोणत्या मादीच्या खणात सोडला त्यावर. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम दिसत नाही, म्हणून आज त्याबद्दलच लिहितो.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. सपाट काळी जमीन, पराटी (कपाशी), तूर, हरभरा. हवा निवळली तर उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, बाकी चारही बाजूंना नुसतं आभाळ. कबुतर उडवणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा मिळायची नाही. बारीक ठिपका झालेलं पाखरूही नजरेतून सुटत नाही. अडचण पाण्याची. इथल्या बोअरचं पाणी खारं. ते दिलं की कबुतरं सारखी पीत राहतात, विष्ठा पातळ होते आणि अंगावरची तकाकी जाते. म्हणून नळ आला की पहिला ड्रम ढाबळीचा, म्हणजे कबुतरांच्या खुराड्याचा, भरतो.

आम्ही उडवतो ती हायफ्लायर, उंच जाऊन तासन्‌तास वर राहणारी. मी ज्यांच्याकडून शिकलो ते अचलपूरचे चाचा गिरेबाज ठेवतात. त्यांची कबुतरं उडता उडता मागच्या बाजूला कोलांट्या घेतात, एकामागून एक, आणि पुन्हा सावरून थव्यात मिसळतात. इंग्लंडमध्ये याच गुणावर बर्मिंगहॅम रोलर ही जात घडवली गेली. तिच्या जागतिक स्पर्धेत थव्याला २० मिनिटं मिळतात आणि पाच किंवा जास्त कबुतरं एकाच वेळी कोलांटीत गेली तरच गुण मिळतात. तिकडच्याच टिपलर जातीची कबुतरं तर २० तासांपेक्षा जास्त उडालेली आहेत. तिथला जूनचा दिवस लांब असतो, आणि अंधार पडल्यावरही दिव्याच्या खुणेने उतरायची त्यांना सवय लावलेली असते. आमच्याकडे सात-आठ तास वर राहिलेलं कबुतर चांगलं मानतात. ते दुपारच्या चहानंतरही वर असेल तर खालच्या चौकातून विचारणा सुरू होते.

गिरेबाजाची गोष्ट काढली कारण जोडी लावण्याचा पहिला धडा मला चाचांच्या ढाबळीत मिळाला. नवीन माणसाला वाटतं, सर्वांत खोल कोलांटी घेणारा नर आणि तशीच मादी एकत्र केली की पिल्लू त्याहून खोल जाईल. जातंही. पण दोन्हीकडून खोलीच वाढवत नेली तर पुढे असं पिल्लू निपजतं की ज्याला सावरता येत नाही, ते जमिनीपर्यंत गुंडाळत येतं. कोलांटीइतकंच सावरणंही रक्तात यावं लागतं. चाचा म्हणायचे, "बेटा, अकेला कबूतर मत देख, उसका खानदान देख." हायफ्लायरच्या बाबतीत खानदान कसं पाहायचं, ते मी पुढे पिल्लांच्या नोंदींच्या माझ्या वहीवरून शिकलो.

माझ्याकडे एक राखी मादी आहे. दिसायला साधी, डोळाही साधा. बाजारात डोळा पाहून भाव ठरतो. बुबुळाभोवतीचं कडं, मोत्यासारखी पांढरी झाक, त्यातले दाणे, यावर जाणकार माणसं तासभर बोलतात. त्या हिशोबाने या मादीला कोणी उचलली नसती. ती स्वतः कधी पहिली आली नाही, मधल्या क्रमांकांतच राहिली. पण वहीत तिच्या नावाखालच्या पिल्लांचे आकडे वाचले की एकही कमी पडलेलं दिसत नाही. नर बदलला तरी पिल्लं उडतात आणि संध्याकाळी घरी येतात. त्याच वर्षीचा एक जिरा नर होता. त्याने एकट्याने स्पर्धा गाजवली होती, त्याला मागणीही आली, पण त्याची भावंडं अर्ध्या तासात छपरावर. त्याची पिल्लंही भावंडांवर गेली, त्याच्यावर नाही. वळू स्वतः दूध देत नाही, त्याची किंमत कालवडी व्याल्यावर कळते, हे आपल्याकडे कोणत्याही गोपालकाला माहीत असतं. कबुतराच्या धाब्यावर चढलं की तीच माणसं हे विसरतात आणि ट्रॉफीवाल्या नराची जोडी मागतात.

डार्विननेही हेच काम हातांनी केलं होतं, हे वाचल्यावर मला फार बळ आलं. त्याने घरी कबुतरांच्या जाती पाळल्या आणि लंडनमधल्या दोन कबुतर क्लबांचा तो सभासद झाला. १८५९ साली आलेल्या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात कबुतरं आहेत. लक्का, गिरेबाज अशा सगळ्या जाती एकाच रानटी पारव्यापासून माणसाने निवडून निवडून काढल्या, असं तो मांडतो. आपल्याकडे अकबराच्या दरबारात २० हजारांहून जास्त कबुतरं होती आणि बादशहा स्वतः जाती मिसळून पाहायचा, असं अबुल फजलने लिहून ठेवलंय. दुकानावरच्या ढाबळीत मी करतो ते काम इतकं जुनं आहे.

आता प्रत्यक्ष जोडी. दिवाळी झाली, पिसं गळून नवी आली, थंडी लागली की उडणारी आणि जोडीची कबुतरं वेगळी करायची. नर आणि मादी शेजारच्या खणात, मधे जाळी. दोन-चार दिवस नर गळा फुगवून घुमत गोल फिरतो. मादी जाळीजवळ येऊन मान हलवू लागली की दार उघडायचं. त्यानंतर साधारण आठ-दहा दिवसांनी पहिलं अंडं, बहुतेक संध्याकाळी. दुसरं एक दिवस सोडून दुपारी. दुसरं येईपर्यंत पाखरं नीट बसत नाहीत, म्हणून दोन्ही पिल्लं जवळपास बरोबरच निघतात. अंड्यावर बसण्याची पाळी इतकी नेमकी असते की मी तिच्यावरून घड्याळ पाहतो. सकाळी दहाच्या सुमारास नर येऊन शेजारी उभा राहतो, मादी अंगाखालून अंडी न हलवता उठते, आणि दुपार सरेपर्यंत तो बसतो. रात्र मादीची. १७-१८ दिवसांनी पिल्लू फुटतं. पहिले काही दिवस आई-बाप दोघंही गळ्याच्या पिशवीत तयार होणारं पिवळसर, दह्यासारखं दूध त्याला पाजतात. या दिवसांत मी खणात हात घालत नाही.

हात घालायचा तो सातव्या-आठव्या दिवशी, रिंग चढवायला. पिल्लू तळहातावर उलटं घ्यायचं. अंग गरम, पिसांच्या नळ्या नुकत्याच टोचायला लागलेल्या. पुढची तीन बोटं एकत्र धरून त्यांवरून रिंग सरकवायची, मागचं बोट नडगीला दाबून ठेवायचं आणि रिंग त्याच्यावरून वर न्यायची. मग आगपेटीची काडी टोकाकडून बोथट करून तिने ते मागचं बोट अलगद बाहेर काढायचं. दोन दिवस आधी चढवली तर रिंग गळून खणात पडते, चार दिवस उशीर झाला तर चढतच नाही. त्या रिंगेवर वर्ष आणि नंबर असतो. तो नंबर त्याच रात्री आई-बापाच्या नावासह वहीत गेला नाही, तर पुढची सगळी मेहनत वाया. उडवणाऱ्यांना माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे, महागडं औषध राहू द्या, आधी वही घ्या.

डिसेंबरच्या पिल्लाची पिसांची पहिली गळ पावसाळ्यात पूर्ण होते. प्रत्येक पंखाची दहा मोठी पिसं आतून बाहेर, एकेक करून बदलतात. शेवटची दोन पूर्ण वाढेपर्यंत लांब उडवायचं नाही. त्या काळात दाण्यात मसूर आणि थोडं जवस घालतो, पिसाला चांगला तजेला येतो. एरवी ज्वारी, बाजरी, गहू. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात करडई वाढवतो, कारण लांब उडणारं कबुतर अंगातल्या चरबीवर चालतं. एवढंच. गोळ्या, टॉनिक, इंजेक्शन माझ्या धाब्यावर येत नाही. उडवण्याच्या आदल्या रात्री काय काय चारलं जातं, ते मला माहीत आहे. असं पाखरू जिंकलं तरी त्याच्यावरून जोडी कशी लावायची? तो आकडा त्याच्या रक्ताचा नसतोच.

पेरणीच्या दिवसांत मात्र ढाबळ बंद ठेवतो, मृगातही आणि हरभरा पेरतानाही. वावरात पडलेलं बियाणं औषध चोळलेलं असतं, चरायला उतरलेलं कोवळं पाखरू ते खाऊन दगावतं. विजेच्या तारांचं दुखणं बारमाही. धुक्यात उडवायचं नाही, यापलीकडे त्यावर उपाय नाही.

मंडळात सर्वांत जास्त वाद झाला तो स्पर्धेच्या महिन्यावरून. अनेक ठिकाणी एप्रिल-मे धरतात, दिवस मोठा म्हणून. बाहेरच्या एका स्पर्धेत वैशाखातल्या दुपारी उतरलेलं कबुतर मी जवळून पाहिलं. चोच उघडी, पंख सांडलेले, पाण्याच्या भांड्यापर्यंत पोहोचलं आणि तिथेच गेलं. कबुतराला घाम येत नाही, अंगातली उष्णता ते धापा टाकून आणि कातडीतून बाष्प सोडून कमी करतं. वर हवा गार असते म्हणून तिथे ते टिकतं, पण उतरायचं असतं आमच्या ४५ अंशाच्या धाब्यावर. दुसरीकडे डिसेंबर-जानेवारी धरावा तर हिवाळ्यात पाहुणे आलेले ससाणे असतात. शिकरा तर इथलाच, तो बाराही महिने. यांना हात लावायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहेच, आणि कायदा नसता तरी लावायचा नव्हता. आभाळ त्यांचंही आहे. शेवटी सगळ्यांनी मिळून फाल्गुन ठरवला, होळीच्या आत. ऊन सोसवतं, ससाणे परतायला लागलेले असतात आणि दिवस बऱ्यापैकी मोठा असतो. गारपिटीचा अंदाज असला तर तारीख पुढे ढकलतो, त्यावर कोणी भांडत नाही.

नियम साधे आहेत. प्रत्येकाची सात कबुतरं. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या गावचा सभासद येऊन पंखावर शिक्का मारतो आणि तोच दुसऱ्या दिवशी पंच म्हणून बसतो. सूर्य उगवताना सोडायची. तासाभरात एकदाही पंचाच्या नजरेला न पडलेल्या कबुतराची वेळ शेवटचं दिसलं तिथपर्यंतच धरतात. शेजारच्या छपरावर बसलं तर उतरलं. अंधाराच्या आत आपल्या ढाबळीत आलं नाही तर शून्य, मग ते दिवसभर का उडालेलं असेना. या शेवटच्या नियमासाठी मी मंडळाचा ऋणी आहे. त्यामुळे सभासद घरी येणाऱ्या पाखरांच्याच जोड्या लावायला लागले. पूर्वी हरवलेल्या कबुतरांच्याच गोष्टी मोठ्या असायच्या.

मागच्या स्पर्धेत राखी मादीची एक नात दुपारनंतर इतकी वर गेली की पंचाने दुर्बीण खाली ठेवली. तासाची मुदत संपायला आली तेव्हा समोरच्या गल्लीतला एक पोट्टा पाण्याच्या टाकीवर उताणा पडून ओरडला, "काका, दिसून राह्यलं! थे पाहा, लिंबाच्या शेंड्याच्या वर, दिसून राह्यलं!" पंचाने त्याच्या शेजारी आडवं होऊन पाहिलं आणि वहीत खूण केली. ती उतरली तेव्हा ऊन कलंडलं होतं. हातात घेतली तर छाती भरलेली, श्वास शांत. तिची वेळ दुसऱ्या क्रमांकाची झाली. मला त्याहून मोलाचं वाटलं ते हे की तिची दोन सख्खी भावंडं तिच्या आधी अर्ध्या-पाऊण तासानेच उतरली होती.

राखी मादी आता म्हातारी झाली. अंड्याचं कवच पातळ येतंय, म्हणून यंदा तिला जोडीला लावणार नाही. त्या नातीला चाचांच्या ओळखीतून आलेला एक पांढरा नर द्यायचा विचार आहे. त्याच्या आई-बापाची वही मी स्वतः अचलपूरला जाऊन वाचून आलोय. या जोडीचा निकाल दीड वर्षाने कळेल.

ज्यांना पिल्लं हवी आहेत त्यांनी पौषात यावं, संध्याकाळी दाणे झाल्यावर. येताना तोंडाला बांधायला रुमाल किंवा मास्क आणा. ढाबळीतली पिसांची आणि विष्ठेची धूळ फुप्फुसाला वाईट, मीही झाडताना मास्क लावतो. पैसे घेत नाही, पण पिल्लू वैशाखात उडवणाऱ्याला देत नाही. आणि नेलेल्या पिल्लाने काय केलं, चांगलं किंवा वाईट, ते वर्षभराने मला कळवायचं. वहीत तेवढी जागा सोडलेली आहे.