गाडी पाणी पितेय

२१ जानेवारी

इथे इंग्लंडात ड्युटीवरून घरी येताना ए३३ रस्त्यावर हीटरमधून एकदम गार हवा यायला लागली. पाठोपाठ टेम्परेचरची सुई वर. घरी, रेडिंग शहरात, पोचेपर्यंत जीव मुठीत. दारात लावून बॉनेट उघडलं तर कुलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, टाकी तळाला गेलेली. गेल्या आठवड्यात मीच वरच्या रेघेपर्यंत भरली होती. गाडीखाली टॉर्च मारला, रस्त्यावर एक थेंब नाही. मग पाणी गेलं कुठे? ऑइलचं झाकण फिरवून काढलं. आतल्या बाजूला पिवळट, पातळ श्रीखंडासारखा लेप.

फोटो बाबांना पाठवला. साताऱ्यात रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तरी दोन मिनिटांत फोन. "गाडी पाणी पितेय गं. इंजिनात पाणी आणि तेल वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट उडालं असणार. घेताना मिस्त्रीला बरोबर नेलं नव्हतंस?"

नव्हतं नेलं. बाबांनी १९९४ साली जुनी पद्मिनी घेतली तेव्हा मिस्त्री आधी अर्धा तास नुसता कान लावून उभा होता. मी मात्र एमओटीचा, म्हणजे इथल्या वार्षिक वाहन तपासणीचा, इतिहास ऑनलाइन पाहिला, तो स्वच्छ होता, आणि खूश झाले. एमओटीत ब्रेक, टायर, दिवे, धूर बघतात. गॅस्केटच्या पोटात कुणी शिरत नाही.

५,४०० पौंड गेले. गाडी घेऊन सतरा दिवस झालेत. जेवण गेलं नाही.

२४ जानेवारी

डीलरशी फोनवर बोलले. आवाज एकदम मधाळ. "थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या की झाकणाखाली तसं साचतंच, मॅडम." हे खोटं नाही, नुसत्या दमटपणानेही तसा लेप धरतो. पण दमटपणाने टाकीतलं पाणी कमी होत नाही. तेवढं विचारल्यावर मध आटला. म्हणाला, पावतीवर 'सोल्ड अॅज सीन', म्हणजे 'आहे तशी विकली', लिहिलंय, बघून घेतलीत, आता गाडी तुमची.

पावती काढून पाहिली. खरंच लिहिलंय, अगदी बारीक अक्षरात. मन म्हणालं, संपलं. आपल्याकडे जुनी वस्तू घेणं म्हणजे तिचं नशीबही घेणं, हे मी कुठल्याही कायद्याच्या आधी शिकले आहे.

संध्याकाळी शेजारच्या जोनला सांगितलं. ती पूर्वी ग्राहक सल्ला केंद्रात बसायची. पावती पाहून हसली. व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला विकताना या तीन शब्दांना काडीची किंमत नाही, म्हणे. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे माल समाधानकारक दर्जाचा हवाच, आणि तो हक्क दुकानदाराला पावतीवर लिहून काढून घेता येत नाही. जुन्या गाडीकडून नवीसारखी अपेक्षा ठेवायची नाही, वय आणि मैल धरले जातात. पण सतरा दिवसांत इंजिन उकळणं कुठल्याच वयात बसत नाही. तीस दिवसांच्या आत गाडी नाकारून सगळे पैसे मागता येतात. हीच गाडी एखाद्या घरगुती माणसाकडून घेतली असती तर मात्र हे संरक्षण मिळालं नसतं.

मग तिने विचारलं, "पैसे कसे दिलेस?"

विसाराचे अडीचशे क्रेडिट कार्डाने, बाकीचे बँकेतून ट्रान्सफर. कार्डावर का, तर पॉइंट मिळतात म्हणून! याहून थोर विचार नव्हता.

जोनने मगवर चमचा वाजवला. "तुझ्या त्या अडीचशेने अख्खी गाडी धरून ठेवलीय."

२८ जानेवारी

चोविसावा दिवस. डीलरला ईमेल केला: गाडी नाकारते आहे, पूर्ण पैसे परत द्या, गाडी घेऊन जा. 'दुरुस्त करा' हा शब्द मुद्दाम कुठेच लिहिला नाही. आजपासून चालवणं बंद, नाहीतर उद्या हाच म्हणणार की नाकारलीत तर फिरवत का होतात. पण उभी रस्त्यावर आहे, म्हणजे टॅक्स आणि विमा चालूच. पहाटे पावणेसहाच्या बससाठी थंडीत उभं राहायचं आणि समोर आपलीच गाडी बघायची.

४ फेब्रुवारी

तपासणीसाठी स्वतंत्र इंजिनियर घरी आला. माझ्या खिशातून १८० पौंड. कमी बोलणारा माणूस, बाबांच्या मिस्त्रीसारखाच. इंजिन गरम होऊ दिलं. कुलंटच्या टाकीच्या तोंडावर काचेची नळी बसवली, तिच्यात निळं पाणी, वर रबरी फुगा. फुगा दाबत राहिला. इंजिनातला जळका वायू कुलंटमध्ये शिरत असेल तर रंग बदलतो, एवढंच सांगितलं. मी डोळे लावून उभी. निळं आधी हिरवट झालं, मग हळद टाकल्यासारखं पिवळंधमक. त्याने फोटो घेतला आणि माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. गाडीचा निकाल ऐकून इतका आनंद झालेली पहिलीच मालकीण बघितली असेल त्याने.

रिपोर्टमध्ये हवं ते वाक्य आलं: दोष जुना आहे, विक्रीच्या वेळी असणारच. हे लागतं. सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो आधीपासून होता असं एरवी धरून चालतात, पण तीस दिवसांत गाडीच नाकारायची तर सिद्ध आपण करायचं.

६ फेब्रुवारी

बँकेला फोन. पलीकडची मुलगी गोड, पण तिचा घोळ झालेला. "कार्डावर अडीचशेच गेलेत, तेवढेच वादात घेता येतील." ती चार्जबॅकचं, म्हणजे कार्डावरचा व्यवहार उलटवून पैसे परत घेण्याचं, बोलत होती. चार्जबॅक हे कार्ड कंपन्यांच्या आपापसातल्या नियमांचं काम, डेबिट कार्डालाही चालतं, कायदा नव्हे. मला हवा होता १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट कायद्यातला ७५ व्या कलमाखालचा दावा. वस्तूची किंमत शंभर पौंडांच्या वर आणि तीस हजारांच्या आत असेल, आणि किमतीतला थोडासा भाग जरी क्रेडिट कार्डाने दिला असेल, तरी डीलरने करार मोडला की त्याच्याइतकीच बँकही जबाबदार. कार्डावरच्या रकमेपुरती नाही, सगळ्या नुकसानीला. आधी डीलरशी भांडून या असंही तिला म्हणता येत नाही.

मग प्रश्न आला, कार्ड कुणाच्या नावावर? माझ्याच. इथे पोटात गोळा आला, कारण पाकिटात नवऱ्याच्या खात्यावरचं जोडकार्डही होतं. ते पुढे केलं असतं तर कर्जदार तो, खरेदीदार मी, आणि साखळी तुटली असं बँक म्हणू शकली असती. त्या दिवशी वर कुठलं कार्ड होतं, एवढ्यावर हे ठरलं.

बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प. "विसाराच्या पावतीवर अख्खी गाडी परत? बँक का देईल?" मी सांगितलं, बँक व्यापाऱ्याच्या धंद्यात उधारी पुरवून कमावते, म्हणून त्याच्या पापातही तिचा वाटा. "हे आमच्या सोसायटीच्या चेअरमनला सांगायला पाहिजे," म्हणाले.

१० मार्च

महिना झाला, बँक ढिम्म. 'आपली फाइल पाहत आहोत.' आज रीतसर तक्रार नोंदवली. आता आठ आठवड्यांत अंतिम उत्तर द्यावं लागेल, नाहीतर मी फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींच्या लवादाकडे, जायला मोकळी, आणि तिथे फी नाही. मेलमध्ये तो शब्द एकदाच लिहिला. आईच्या भाषेत, नुसतं लाटणं दाखवलं.

२७ मार्च

पत्र आलं. दुरुस्तीचा खर्च देतो म्हणतात. नवरा म्हणाला, घेऊन टाक, दोन महिने झालेत. रात्री मी जवळजवळ हो म्हटलं होतं. सकाळी बसस्टॉपवर गाडीकडे पाहिलं, काचेवर शेवाळ धरलंय. तीन ओळींत उत्तर पाठवलं: तीस दिवसांत नाकारली आहे, दुरुस्ती मागितलेली नाही, रिपोर्ट जोडला आहे.

११ एप्रिल

५,४०० आणि तपासणीचे १८०. सगळे. पण बँकेने ते क्रेडिट कार्डाच्याच खात्यात टाकले, म्हणजे कार्डावर माझं नाही, बँकेचंच मला देणं दिसतंय. ते चालू खात्यात वळवायला परत फोन, परत वीस मिनिटं तेच संगीत.

दुपारी ट्रेलरवाला आला. लॉगबुकचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा, कागद आणि दोन्ही किल्ल्या दिल्या. बॅटरी उतरलेली, गाडी साखळीने ओढून वर घेतली. ती होती तिथे रस्त्यावर कोरडा चौकोन राहिला, पाचच मिनिटांत तिथे शेजाऱ्याने त्याची लावली.

बाबांचा फोन: "आता पुढची बघताना मला व्हिडिओ कॉल कर. इंजिनाजवळ फोन धर. मी ऐकतो."