पुढची चिठ्ठी कुणालाच कळता कामा नये

ट्रायलचा, म्हणजे उपचारांची तुलना करणाऱ्या चाचणीचा, प्रोटोकॉल (लेखी आराखडा) हातात आला की आधी रँडमायझेशनचा, म्हणजे कुठला पेशंट कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी काढल्यासारखं नशिबावर सोडण्याचा, परिच्छेद उघडावा. बहुतेक वेळा तिथे एकच वाक्य असतं : ‘पेशंटची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली जाईल.’ यातून काहीच कळत नाही. वाटपाची यादी कोणी बनवली? ती कुणाच्या ताब्यात आहे? आणि समोरच्या पेशंटला ट्रायलमध्ये घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या डॉक्टरला पुढचा नंबर कुठल्या गटाचा आहे याचा सुगावा लागू शकतो का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो.

समजा, पुढची चिठ्ठी जुन्या उपचाराची आहे हे डॉक्टरला कळलं. समोर बसलेला पेशंट बराच आजारी आहे आणि याला नवं औषध मिळायला हवं असं डॉक्टरला मनापासून वाटतं. मग तो ‘दोन दिवसांनी या’ म्हणतो, किंवा एखाद्या निकषावर बोट ठेवून पेशंटला बाहेर ठेवतो. यात लबाडी असतेच असं नाही, बऱ्याचदा ती कळकळच असते. पण असं दहा-पंधरा वेळा झालं की गट मुळातच वेगळे होतात. नंतर ते दुरुस्तही करता येत नाहीत, कारण डॉक्टरने पेशंटच्या चेहऱ्यावर जे पाहिलं त्याचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो.

वाटपाची ही गुप्तता आणि ब्लाइंडिंग (कुणाला कुठला उपचार मिळतोय हे लपवून ठेवणं) यांची सर्रास गल्लत होते. गुप्तता पेशंट ट्रायलमध्ये येईपर्यंतची, ब्लाइंडिंग त्यानंतरचं. शस्त्रक्रिया आणि व्यायाम यांची तुलना करताना पेशंटपासून काही लपवता येत नाही, पण वाटप मात्र तिथेही गुप्त ठेवता येतं. ‘आमची ट्रायल ओपन-लेबल, म्हणजे उपचार उघड असलेली आहे, म्हणून गुप्तता शक्य नव्हती’ हे स्पष्टीकरण कधीच मान्य करू नये.

क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन देऊन पाहणारी १९४८ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटिश ट्रायल याचा उत्तम नमुना आहे. १०७ पेशंट होते : ५५ जणांना औषध आणि बेड रेस्ट, ५२ जणांना फक्त बेड रेस्ट. औषध दिवसातून चार वेळा इंजेक्शनने द्यायचं आणि दुसऱ्या गटाला खोटी इंजेक्शनं नव्हती, त्यामुळे वॉर्डात कोण कुठल्या गटात आहे हे उघडच होतं. पण संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी प्रत्येक केंद्रासाठी, स्त्री-पुरुषांसाठी वेगळी, यादृच्छिक आकड्यांवरून यादी तयार केली होती. ती बंद पाकिटांत होती आणि पाकिटावर फक्त रुग्णालयाचं नाव व नंबर. पेशंट पात्र ठरल्यावरच पाकीट उघडायचं. एक्स-रे वाचणाऱ्यांनाही गट माहीत नव्हता. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ४ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात १४.

गुप्तता ढिली असली तर किती फरक पडतो, याचा हिशेब १९९५ साली शुल्झ आणि सहकाऱ्यांनी मांडला. गर्भारपण आणि बाळंतपणावरच्या २५० ट्रायल त्यांनी तपासल्या. गुप्तता अपुरी होती तिथे उपचाराचा परिणाम ऑड्स रेशोच्या (दोन गटांतल्या शक्यतांची तुलना करणाऱ्या गुणोत्तराच्या) मापात सरासरी ४१ टक्क्यांनी फुगलेला निघाला. डबल-ब्लाइंडिंग (पेशंट आणि डॉक्टर दोघांपासूनही गट लपवणं) नसलेल्या ट्रायलमध्ये हाच फुगवटा १७ टक्के होता. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं, की मृत्यूसारख्या ठाम निकालांत हा फुगवटा कमी असतो आणि वेदनेसारख्या माणसाने ठरवायच्या मापांत जास्त.

सम-विषम केसपेपर नंबर, जन्मतारीख, आठवड्याचा वार, ‘एक याला, एक त्याला’ या पद्धती रँडमायझेशन म्हणून खपवू नयेत. पुढचं वाटप त्यात सगळ्यांना दिसतं.

आता यादीकडे येऊ. नाणेफेकीसारखं साधं रँडमायझेशन मोठ्या ट्रायलमध्ये उत्तम चालतं. ४० पेशंटमध्ये मात्र १५-२५ किंवा त्याहून वाईट विभागणी होण्याची शक्यता सुमारे १५ टक्के असते, म्हणून ब्लॉक, म्हणजे दोन्ही गट सारख्या संख्येने असलेले यादीचे छोटे तुकडे, वापरतात. चारच्या ब्लॉकमध्ये दोन ‘अ’ आणि दोन ‘ब’, त्यांच्या मांडण्या सहा. ओपन-लेबल ट्रायलमध्ये ब्लॉक चारचाच आहे हे केंद्राला कळलं की चौथा पेशंट आधीच ठरलेला. पहिले दोघे एकाच गटात गेले, आणि हे तीनातून एकदा होतं, तर तिसराही ठरलेला. म्हणजे सरासरी दर तीन पेशंटमागे एकाचं वाटप आधीच ओळखता येतं. उपाय सोपा आहे : ब्लॉकचे आकार ४, ६, ८ असे यादृच्छिकपणे बदलते ठेवायचे आणि ते केंद्रांकडे जाणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये लिहायचे नाहीत. ते यादीसोबत वेगळ्या बंद कागदावर असावेत. यादी बनवणाऱ्याने पेशंट भरती करू नये. सॉफ्टवेअरचा सीड (ज्या आकड्यावरून यादी तयार होते तो) आणि आवृत्ती नोंदवून ठेवावी.

स्ट्रॅटिफिकेशनचा, म्हणजे पेशंटचे स्तर पाडून प्रत्येक स्तराची वेगळी यादी करण्याचा, हव्यास नको. ५ केंद्रं, ३ वयोगट, स्त्री-पुरुष आणि आजाराच्या २ तीव्रता धरल्या की ६० स्तर होतात. पेशंट १२० असतील तर एका स्तरात सरासरी दोनच. चारचा ब्लॉक फारसा कुठे पुराच होत नाही, आणि समतोलासाठी केलेला खटाटोप वाया जातो. केंद्र आणि निकालावर खरोखर परिणाम करणारा एखादा घटक पुरे. जे स्तर धरले ते विश्लेषणातही घ्यावे लागतात, हे विसरू नये.

शक्य असेल तर वाटप केंद्रीय फोन किंवा वेब प्रणालीवरूनच करावं. तिथे पेशंटची नोंद पक्की झाल्याशिवाय गट दिसतच नाही. पाकिटं वापरायचीच असतील तर ती अपारदर्शक हवीत, आत फॉइल असावी म्हणजे दिव्यासमोर धरून वाचता येणार नाही, आणि नंबर क्रमाने छापलेले असावेत. पाकीट उघडण्याआधी त्यावर पेशंटचा ट्रायल नंबर, तारीख, वेळ आणि सही. आत कार्बन पेपर ठेवला की हीच नोंद चिठ्ठीवर उमटते आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल लपत नाही. न वापरलेली पाकिटं मोजून परत घ्यावीत.

रँडमायझेशन उपचार सुरू होण्याच्या जितकं जवळ, तितकं बरं. शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी चिठ्ठी काढली तर मधल्या काळात कुणाची शस्त्रक्रिया रद्द होते, कुणी माघार घेतं, आणि ही गळती दोन्ही गटांत सारखी नसते. संमती, पात्रतेची तपासणी, सुरुवातीची मोजमापं, मग चिठ्ठी. हा क्रम मोडू नये.

निकाल छापताना पहिल्या तक्त्यात दोन गटांची सुरुवातीची स्थिती मांडतात. तिथे प्रत्येक ओळीची पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) काढत बसण्याची सवय मला निरर्थक वाटते. वाटप नीट झालं असेल तर दिसणारा फरक योगायोगाचाच असतो, आणि वीस ओळींत सरासरी एखादी ०.०५ च्या खाली जातेच.

चुका होतातच. एखाद्या पेशंटला चुकून दुसऱ्या गटाचं औषध दिलं जातं. विश्लेषणात तो चिठ्ठीने दिलेल्या गटातच मोजायचा. चूक कधी आणि का झाली ते लिहून ठेवायचं आणि यादी जशीच्या तशी पुढे चालवायची. ‘उरलेली’ चिठ्ठी पुढच्या पेशंटला देऊन समतोल साधायला गेलात, तर त्या दुसऱ्या पेशंटचं वाटपही माणसाने ठरवलेलं होतं.