जिंजर: तमिळने गाळलेला 'स'

अखेर गाठ सुटली! इंग्रजी 'जिंजर' (आलं) हा शब्द मुळात कुठून आला, हे शोधताना मागच्या नोंदीत तो तमिळच्या उंबरठ्यावर अडला होता. पश्चिमेकडची साखळी पक्की आहेच: जुन्या इंग्रजीत गिंगिफर, लॅटिनमध्ये झिंगिबेरी, ग्रीकमध्ये झिंगिबेरिस, पालीत सिंगिवेर.

संस्कृत 'शृंगवेर' म्हणजे शिंगासारखं अंग असलेलं, ही फोड अजून सगळीकडे डोळे झाकून उतरवली जाते. पण 'शृंग'चं पालीत 'सिंग' होतं, 'सिंगि' नाही. तो इकार आल्याच्या तमिळ नावाच्या, 'इंजि'च्या, शेवटचा आणि ग्रीकांनीही तो जपलाय. पालीतल्या एका वेलांटीने शिंगं मोडली, यावर मी अजून खूश आहे. 'वेर' म्हणजे तमिळमध्ये झाडाचं मूळ, तेही बसतं.

मग आरंभीचा 'स' कुठला? 'इंजि'त तर तो नाहीच. 'स' मागून कसा चिकटला असेल याच्या वाटा धुंडाळत बसलो होतो. बरो-एमेनोच्या द्रविडी कोशाची 1984 ची आवृत्ती चाळताना प्रश्नच उलटा झाला. 'स' चिकटलेला नाही, तमिळने तो गाळलाय. 'सहा' बघा: तमिळ 'आरु', गोंडी 'सारुंग'. मीठ: तमिळ 'उप्पु', कोलामी 'सुप'. म्हणजे मूळ द्रविडीतला आरंभीचा 'च' तमिळमध्ये लोपला, गोंडी-कोलामीत 'स' होऊन टिकला. आल्याचं तारांकित (म्हणजे लेखी पुरावा नसलेलं, तर्काने उभं केलेलं) रूप '*चिंकि-वेर'सारखं धरलं की प्राकृतात शब्द गेला तो लोप व्हायच्या आधी, एवढंच मानावं लागतं. (द्रविडी मुळाचा संशय असेल तर टर्नरच्या इंडो-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशाआधी बरो-एमेनो उघडा. टर्नर इंडो-आर्य रूपांसाठी बिनतोड, पण अशा शब्दांत तो दारापर्यंतच सोडतो.)

उरलं ते पाली 'सिंगि'तल्या 'ङ्ग' आणि तमिळ 'इंजि'तल्या 'ञ्ज'चं भांडण. आधीच्या इकारामुळे तमिळमध्ये तालव्यीकरण झालं असावं, म्हणजे 'क-ग'चा उच्चार 'च-ज'कडे सरकला असावा, असा माझा कयास. अशी आणखी जोडी मिळाली तर टाका.

पुढची नोंद अरबी 'झंजबील'वर करणार होतो. पण हे लिहितानाच थाई 'खिंग' आणि व्हिएतनामी 'गुंग' डोक्यात घुसले. दोन्हींचा अर्थ आलंच, आणि हे पीकही मुळात आग्नेय आशियातलं. मग '*चिंकि'सुद्धा उसनाच असेल का? अरबी थांबेल. आधी ब्रह्मी आणि जुन्या चिनी रूपांचा तक्ता करतो.