काळी कुत्री, पांढरी मांजर आणि जुनी पाने: एका छोट्या कॅमेऱ्याची निवड

जुनी, मोडकळीस आलेली पुस्तके दुरुस्त करणे हे माझे काम. पुस्तक हातात आले की ते उसवण्याआधी त्याच्या कण्याचे, पुठ्ठ्याचे, सुटलेल्या शिवणीचे आणि कसरीने पाडलेल्या भोकांचे फोटो काढून ठेवावे लागतात; दुरुस्ती संपल्यावर त्याच जागांचे फोटो पुन्हा काढावे लागतात, कारण आपले पुस्तक कोणत्या अवस्थेत आले होते आणि त्यात नेमके काय बदलले, हे मालकाला डोळ्यांनी पाहता आले पाहिजे. घरी काजळ नावाची काळीभोर कुत्री आणि कापशी नावाची पांढरी मांजर आहे. त्यांचे फोटो मला कामाच्या फोटोंइतकेच मोलाचे वाटतात, कारण प्राण्यांचे आयुष्य आपल्यापेक्षा फार तोकडे असते. दोन कॅमेरे घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून दोन्ही गोष्टी जमतील असा एकच छोटा आणि परवडणारा कॅमेरा मी शोधू लागले.

फोन का नाही, असे मला अनेकांनी विचारले. फोनचे फोटो सुंदर येतात यात शंका नाही, पण कमी उजेडात फोन एकापाठोपाठ एक अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करतो आणि आपल्या समजुतीप्रमाणे कडा धारदार करतो. कागदाचे तंतू, शाईचा फिकटपणा आणि डागाची खरी कड ज्या फोटोत दाखवायची, त्यात असा परस्पर केलेला बदल मला चालत नाही. शिवाय चित्रे एकत्र होत असताना मांजरीने मान वळवली, तर मिशा दोन ठिकाणी उमटतात. स्कॅनरही उपयोगाचा नाही, कारण तडकलेल्या कण्याचे पुस्तक काचेवर दाबून धरले की कणा आणखी फाटतो.

पहिल्या खेपेला माझी निवड चुकली. तीस पट झूम असलेला, खिशात मावणारा कॅमेरा मी केवळ त्या आकड्याला भुलून घेतला. बाहेर उन्हात तो चांगला चालायचा. पण संध्याकाळी खोलीतल्या दिव्यात काजळचा फोटो काढायला जावे, तर प्रत्येक वेळी तिचे डोके म्हणजे एक काळा फराटा होऊन बसे. कॅमेऱ्यात बिघाड नव्हता. बिघाड माझ्या समजुतीत होता, आणि तो समजायला मला बरेच महिने लागले.

त्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश टिपणारी चिप, १/२.३ इंच म्हणून ओळखला जातो. त्याची लांबी सुमारे ६.२ मिलिमीटर आणि रुंदी सुमारे ४.६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर. ज्याला एक इंची सेन्सर म्हणतात, तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो आणि त्याचे क्षेत्रफळ ११६ चौरस मिलिमीटर भरते, म्हणजे चौपटीहून थोडे अधिक. (या सेन्सरची कोणतीही बाजू, अगदी कर्णसुद्धा, एक इंच भरत नाही, जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या बाहेरील व्यासावरून चालत आलेली ही मोजण्याची रीत आहे.) चौपट क्षेत्रफळावर त्याच वेळात, त्याच ॲपर्चरने (लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राने) चौपट प्रकाश गोळा होतो, आणि अंधाऱ्या खोलीतल्या फोटोत रवाळपणा किती येणार, हे मुख्यतः या गोळा झालेल्या प्रकाशावर ठरते.

दुसरी गोष्ट लेन्सच्या ॲपर्चरची. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत जो एफ आकडा छापलेला असतो, तो बहुतेक वेळा झूम अजिबात न केलेल्या स्थितीचा असतो. हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. माझ्या पहिल्या कॅमेऱ्यात झूम थोडा वाढवला की ॲपर्चर एफ ५.६ पर्यंत आकसायचे. एफ २.८ च्या मानाने तिथून चौथा हिस्साच प्रकाश आत येतो. घरातल्या संध्याकाळच्या नेहमीच्या उजेडात, आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा) १६०० ठेवून, एफ २.८ वर शटरचा वेग साधारण १/१२५ सेकंद मिळतो आणि एफ ५.६ वर तो १/३० वर येतो. झोपलेल्या मांजरीसाठी १/३० पुरतो. नुसती मान वळवणाऱ्या कुत्रीसाठी १/२५० तरी हवा, आणि चेंडूमागे धावणाऱ्या कुत्रीसाठी १/५०० ते १/१०००. हे गणित मी एकदा कागदावर मांडले आणि मग झूम किती पट आहे, हा प्रश्न कोणत्याही विक्रेत्याला विचारणे सोडून दिले.

मेगापिक्सेलचेही तसेच. ३० सेंटिमीटर उंचीचे पान २० मेगापिक्सेलच्या चित्रात लांबीच्या बाजूने पूर्ण भरले, तर दर इंचाला ४६० च्या आसपास बिंदू मिळतात. १२ मेगापिक्सेलमध्येही ३३० हून अधिक मिळतात, आणि उत्तम छपाईला ३०० पुरेसे मानले जातात. ऑलिंपसने २०१७ साली टीजी-५ हा दणकट, पाण्यात चालणारा कॅमेरा आणला, तेव्हा आधीच्या पिढीतले १६ मेगापिक्सेल मुद्दाम १२ वर आणले होते. हा कॅमेरा मी काही दिवस गांभीर्याने मनात धरून होते, कारण त्याच्या सूक्ष्मदर्शक मोडमध्ये वस्तूपासून एक सेंटिमीटरवर फोकस होतो आणि कसरीचे भोक त्यात विहिरीसारखे दिसते. ज्यांचे काम चिखलात, पावसात किंवा पाण्याकाठी चालते, त्यांनी तोच घ्यावा असे मी आजही सांगेन. मात्र त्याचा सेन्सर १/२.३ इंचाचाच आहे, आणि काजळचा प्रश्न त्याने सुटला नसता.

जवळून फोकस होण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे खूप जण फसतात. माहितीपत्रकात “किमान अंतर ५ सेंटिमीटर” असे लिहिलेले असते आणि ते खरेही असते, पण ते झूम न केलेल्या स्थितीतले. पुस्तकाच्या इतक्या जवळ कॅमेरा नेला की त्याची स्वतःचीच सावली पानावर पडते आणि पानाच्या सरळ कडा बाहेरच्या बाजूला फुगलेल्या दिसतात. प्राण्याच्या चेहऱ्याचेही असेच होते. फार जवळून, रुंद कोनात फोटो काढला की नाक बटाट्याएवढे दिसते आणि कान मागे कुठेतरी राहून जातात. म्हणून पाहायचे असते ते झूम पूर्ण वाढवलेल्या स्थितीतले किमान अंतर. सोनीच्या २०१२ सालच्या पहिल्या आरएक्स१०० मध्ये ते ५५ सेंटिमीटर आहे, आणि कॅननच्या २०१६ सालच्या जी७ एक्स मार्क टू मध्ये ४० सेंटिमीटर. माझ्या टेबलावर हा पंधरा सेंटिमीटरचा फरक फार महत्त्वाचा ठरला, कारण ४० सेंटिमीटरवरून तळहाताएवढा भाग चित्रभर घेता येतो आणि दिव्याला तिरकस प्रकाश टाकायला मोकळी जागाही उरते. कागदावरची सुरकुती आणि पुसट झालेला ठसा अशा तिरकस प्रकाशातच दिसतो.

शेवटी निवड तीन कॅमेऱ्यांवर आली आणि तिन्ही जुने, वापरलेले असेच घ्यायचे हे ठरले. नवा लहान सेन्सर घेण्यापेक्षा काही वर्षे जुना मोठा सेन्सर घ्यावा, असे माझे पक्के मत झाले होते. पहिल्या आरएक्स१०० चा सेन्सर एक इंची आहे, पण लेन्स झूम करताना एफ १.८ वरून एफ ४.९ पर्यंत मंदावते आणि स्क्रीन जागेवरून हलत नाही. २०१४ सालच्या तिसऱ्या आरएक्स१०० मध्ये लेन्स शेवटपर्यंत एफ २.८ राहते, स्क्रीन वाकते आणि वर उचलला जाणारा व्ह्यूफाइंडरही (डोळा लावून पाहायची छोटी खिडकी) आहे; मात्र झूम ७० मिलिमीटरला थांबतो (हा आकडा जितका मोठा, तितके लांबचे जवळ दिसते) आणि स्क्रीनला स्पर्श समजत नाही. जी७ एक्स मार्क टू मध्ये व्ह्यूफाइंडर नाही, पण २४ ते १०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स एफ १.८ ते २.८ अशी उजेडी आहे, स्क्रीन वर-खाली वाकते आणि बोट ठेवू तिथे फोकस होतो. मी हा जी७ एक्स मार्क टू घेतला.

वाकणाऱ्या स्क्रीनचे महत्त्व प्राणी पाळणाऱ्यालाच कळेल. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत कुत्र्याची फक्त पाठ आणि वर पाहणारे केविलवाणे डोळे येतात. कॅमेरा जमिनीला टेकवून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला की ती जशी आहे तशी दिसते, आणि स्क्रीन वर वाकत असेल तर त्यासाठी आपल्याला पालथे पडावे लागत नाही.

या कॅमेऱ्याच्या माथ्यावर उजेड कमी-जास्त करण्याची स्वतंत्र चकती आहे. माझ्या घरात तिचा उपयोग रोज होतो. कॅमेऱ्याचा मोजमापक समोरचे सगळे सरासरी राखाडी असावे असे धरून चालतो. त्यामुळे चित्रभर काळी कुत्री असली की तो उजेड वाढवून तिला धुरकट राखाडी करतो, आणि चित्रभर पांढरी मांजर असली की उजेड कमी करून तिला मळकट करतो. काजळसाठी मी चकती उणे एककडे नेते, कापशीसाठी अधिक एककडे. जुन्या पिवळट पानाला अधिक अर्धा ते पाऊण लागतो. मेनूत शिरून हे करायचे म्हटले असते तर तेवढ्यात मांजर कपाटावर गेली असती.

फोकसच्या बाबतीत हा कॅमेरा परिपूर्ण नाही. तो उजेड-अंधारातला फरक पाहून फोकस साधतो आणि काळ्या केसाळ अंगावर असा फरक जवळजवळ नसतोच, म्हणून तो पुढे-मागे चाचपडत राहतो. यावर मला दोन उपाय सापडले: काजळला खिडकीकडे तोंड करून बसवायचे, म्हणजे तिच्या डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसतो आणि त्यावर बोट ठेवता येते, किंवा तिच्या गळ्यात उजळ रंगाचा पट्टा घालायचा आणि त्याच्या कडेवर फोकस साधायचा. प्राण्यांचे डोळे आपोआप ओळखणारे कॅमेरे आता मिळतात, २०१९ सालच्या सातव्या आरएक्स१०० मध्ये ती सोय आहे, पण तो माझ्या आवाक्याबाहेरचा होता आणि खिडकीचा उजेड फुकट आहे.

फ्लॅश मी प्राण्यांवर वापरत नाही. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा परावर्तक थर असतो. अंधारात त्यांना अधिक दिसावे म्हणून तो असतो, आणि छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असल्यामुळे त्याचा प्रकाश या थरावरून थेट लेन्सकडे परततो. डोळे हिरवे-पिवळे पेटलेले दिसतात आणि माणसांचे लाल डोळे दुरुस्त करणारी सोय तिथे सहसा चालत नाही. फोकसला मदत करणारा छोटा दिवा आणि बटणांचा टिक-टिक आवाजही पहिल्याच दिवशी बंद करावा, कारण त्या आवाजाने कापशी उठून निघून जाते.

पानांच्या कामासाठी कॅमेरा तिपाईवर (ट्रायपॉडवर) लावून, एफ ४ ते ५.६ च्या दरम्यान, दोन सेकंदांच्या टाइमरवर मी फोटो घेते. या आकाराच्या सेन्सरवर ॲपर्चर एफ ८ च्या पलीकडे लहान केले तर चित्र अधिक स्पष्ट होण्याऐवजी मऊ पडू लागते. कॅमेरा पानाला समांतर आहे की नाही, हे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे: पानावर छोटा आरसा सपाट ठेवायचा आणि स्क्रीनवर लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी येईपर्यंत तिपाई हलवायची. प्रत्येक पुस्तकाचा पहिला फोटो ग्रे कार्डसह (रंग जुळवायला वापरायच्या राखाडी पुठ्ठ्यासह) घ्यायचा आणि फाइल रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली अशी, ठेवायची, म्हणजे कागदाचा खरा रंग नंतर ताळ्यावर आणता येतो. कॅमेऱ्याचे घड्याळही बरोबर लावलेले असावे. फोटोच्या फाइलमध्ये नोंदली जाणारी तारीख आणि वेळ कामाच्या नोंदवहीशी जुळली पाहिजे.

वापरलेला कॅमेरा घेताना एक परीक्षा मात्र चुकवू नये. बाहेर येणारी लेन्स प्रत्येक वेळी आत-बाहेर होताना हवा ओढते, त्या हवेबरोबर धूळ आत जाते, आणि घरात प्राणी असले तर केसही जातात. या कॅमेऱ्यांची लेन्स काढता येत नसल्यामुळे सेन्सरवर बसलेला कण घरच्या घरी पुसता येत नाही. म्हणून झूम पूर्ण वाढवून, ॲपर्चर एफ ११ वर नेऊन, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा आणि तो मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्यांत काळे ठिपके शोधावेत. माझ्यासमोर आलेल्या पहिल्या दोन कॅमेऱ्यांत असे ठिपके निघाले आणि मी दोन्ही परत केले. छापील पानाच्या समासात तो ठिपका शाईचा डाग म्हणून दिसला असता, आणि मालकाला मी काय सांगितले असते?

अलीकडे छोट्या कॅमेऱ्यांची आवड पुन्हा वाढल्यामुळे मी घेतलेल्या कॅमेऱ्याचा भाव बराच चढला आहे. तो परवडत नसेल तर पहिला आरएक्स१०० पाहावा आणि त्यात झूम न वाढवता, एफ १.८ वर, प्राण्यापासून थोडे लांब राहून फोटो काढून नंतर चित्र कापून घ्यावे. २० मेगापिक्सेलचा खरा उपयोग तिथे होतो. जोडीला एक जास्तीची बॅटरी आणि खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेले मेमरी कार्ड हवेच.

माझा कॅमेरा आता पिशवीत झिपच्या छोट्या पाकिटात असतो, केसांपासून दूर. काल दुपारी एका पोथीचा फाटका समास टिपून झाला आणि काजळ टेबलाखालून डोके काढून पाहू लागली. खिडकी तिच्या समोरच होती. चकती उणे एकवर नेली, तिच्या डोळ्यातल्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि १/२५० वर तिच्या पापणीचे केससुद्धा सुटे सुटे आले.