तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्यात का नको?

"रविवारी कुठे जाऊ? दोन लहान मुलं आहेत, आईचे गुडघे दुखतात, संध्याकाळी घरी परत यायचंय, आणि हो, धबधबा हवा." जून लागला की हे फोन सुरू होतात. मी लोणावळ्याजवळची भाजे लेणी सांगतो. मग दुसरा प्रश्न येतो, आणि त्यात प्रश्नापेक्षा टोमणाच जास्त असतो: "तुमचं दर वेळी लेणीच का? पाण्याचं नाव काढलं की लगेच नको का?"

तर एकदाच सविस्तर लिहितो. पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

आधी लेण्यांचं, कारण ते सोपं आहे. पुणे-लोणावळा लोकल मळवलीला थांबते. तिथून भाजे गाव दोनेक किलोमीटर. आजी बरोबर असतील तर रिक्षा करा, उगाच पायथ्यालाच त्यांना दमवू नका. दुपारच्या लोकलमध्ये मोठं अंतर पडतं, म्हणून परतीची गाडी कोणती हे घरातून निघतानाच ठरवा. गाडीने जात असाल तर नऊच्या आत गावात पोचा. दहानंतर लोहगडाकडे चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या गाड्या त्याच अरुंद रस्त्यावर समोरासमोर येतात, आणि मग मुलं मागच्या सीटवर ओकतात. लेण्यांचं तिकीट 25 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

पायऱ्या दगडी आहेत, उंची सारखी नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, आणि हे आपल्याकडे वर पोचल्यावर लक्षात येतं. चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली, आणि हातात काठी. काठी उतरतानाच जास्त कामाची, म्हणून "चढेन मी, काठी राहू दे गाडीत" हे ऐकून घेऊ नका. चपला आणि फेसासारख्या हलक्या तळव्याचे बूट शेवाळावर सरकतात. खाचा असलेला रबरी तळवा हवा, मग तो जुना का असेना. आणखी एक गोष्ट कुणी मोकळेपणाने बोलत नाही: वर स्वच्छतागृह नसेल या धास्तीने घरातल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पावसाळ्यात तहान कळत नाही, पण दमट हवेत घाम जातच असतो. अकराच्या सुमारास चक्कर येते, आणि "वय झालं" म्हणून विषय संपतो. निघताना वाटेतल्या थांब्याची सोय आधी बघा, माणशी दीड लिटर पाणी घ्या आणि ते प्यायलं जातंय याकडे लक्ष ठेवा.

मुलांना तिथे काय? मोजायला भरपूर आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली ही लेणी, एकूण 22. मोठ्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनात, 27 अष्टकोनी खांब आहेत आणि ते किंचित आत कललेले आहेत. का? कारण कारागिरांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारत होती. लाकडी छताचा रेटा तोलायला खांब आत कलवावे लागतात. दगडात त्याची काही गरज नव्हती, तरी त्यांनी तो कल जसाच्या तसा कोरला. पुढे गेलं की 14 स्तूपांचा पुंजका, पाच आत आणि नऊ बाहेर, काहींवर भिक्खूंची नावं कोरलेली. सहा वर्षांचं पोर यात तासभर रमतं. नाही रमलं तर पायथ्याला कांदाभजी आहेतच.

लोहगड? दहा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर जरूर जा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यांत तोही आहे, आणि गर्दीला तेवढं निमित्त पुरतं. पावसाळी रविवारी दरवाज्यांच्या वळणांवर माणसं अशी तुंबतात की ना वर जाता येत ना खाली. गडाची विंचूकाटा नावाची लांब सोंड आहे, तिकडचा ओला कातळ लहान मुलांसाठी नाही. पुढे बोलायला नको.

आता पाणी.

पावसाशी माझं वैर नाही. मला भित्रा म्हणा, चालेल. 'तुम्हाला मजाच कळत नाही' हेही ऐकून घेतलंय. पण 30 जून 2024 चा रविवार आठवा. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या बाजूला डोंगरातून येणाऱ्या धबधब्यात पुण्याहून सहलीला आलेलं एक कुटुंब अडकलं. एक स्त्री आणि चार मुलं वाहून गेली. तुम्हीही तो व्हिडिओ पाहिलात: प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली आठ-दहा माणसं, चारी बाजूंनी फेसाळ पाणी. आणि तो पाहून तुमच्यातल्या अनेकांनी मला हेच लिहिलं: "एवढं पाणी दिसत असताना गेलेच कशाला?"

या वाक्याचा मला राग येतो. पाणी वाढल्यावर कुणी आत जात नाही. आधी जातात, मग ते वाढतं.

ते कसं वाढतं, हे नीट समजून घ्या. पुण्यात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या वर. तो पडतो बेसॉल्टच्या पठारावर, जिथे मातीचा थर वीतभरसुद्धा नाही. जूनच्या शेवटापर्यंत तेवढी माती तुडुंब भिजलेली असते, म्हणून त्यानंतर पडणारं पाणी मुरत नाही, सरळ वाहतं. पठाराचा उतार ते एका घळीत गोळा करतो, आणि घळीच्या खाली तुम्ही उभे असता. वर ढगात काय चाललंय ते खालून दिसत नाही. खाली रिमझिम असते, वर दहा मिनिटं धो धो कोसळून गेलेलं असतं. असे ओढे घटका-दोन घटकांची वाट बघत नाहीत, मिनिटांत चढतात.

आता रेट्याचा ढोबळ हिशोब. गुडघाभर पाणी सेकंदाला एक मीटर, म्हणजे रमतगमत चालण्याच्या वेगाने वाहत असेल, तर मोठ्या माणसाच्या दोन पायांवर सहा-सात किलोंचा रेटा येतो. तो सहज सोसतो, म्हणून माणूस हसत उभा असतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो: पंचवीस किलोंच्या पुढे. तिप्पट झाला की नऊपट: साठ किलो. वेग वाढतो तेव्हा खोलीही वाढते, आणि कमरेपर्यंत बुडालेल्या माणसाचं पायांवरचं वजन जेमतेम निम्मं उरतं. म्हणजे ढकलणारं बळ वाढलं आणि रोवून ठेवणारं कमी झालं, तेही शेवाळलेल्या कातळावर. तुमच्या गुडघ्याएवढं पाणी पाच वर्षांच्या मुलाच्या कमरेला लागतं. म्हणून त्याला कडेवर घेता. आता तुमचा तोल वर सरकला आणि एक हात गेला.

मग काठावर का आले नाहीत? कारण उभं राहण्याजोगा उंच खडक मध्ये असतो. पाणी चढायला लागतं तेव्हा सगळ्यात आधी भरते ती खडक आणि काठ यांच्यामधली सखल जागा. पाच मिनिटांपूर्वी ज्या वाटेने घोट्याएवढ्या पाण्यातून आत आलात, तीच वाट आता सगळ्यात खोल असते. खडकावर थांबणं हाच त्या क्षणी शहाणपणा वाटतो, आणि बऱ्याचदा तो असतोही. एकमेकांना धरणं हेही तसंच. नदी ओलांडण्याचा सराव असलेली दणकट माणसं एकामागे एक उभी राहून पुढच्याच्या आडोशाने हे करतात. घरच्या माणसांचा घोळका मात्र प्रवाहाला आडवी भिंत होतो, आणि एकाचा पाय सुटला की तो धरलेल्या सगळ्यांना घेऊन जातो. हात सोडायचा होता असं कुणाला म्हणायचंय? मला नाही. आई मुलाचा हात सोडत नाही, आणि यावर कसलीही सूचना लिहिता येत नाही. त्या व्हिडिओतल्या माणसांनी मधे सापडल्यावर काय चुकीचं केलं असं मला विचाराल, तर मला काही सापडत नाही. जे काही टाळता आलं असतं, ते त्याआधीचं होतं, जेव्हा पाणी घोट्याएवढं होतं आणि सगळे खुशीत होते. म्हणूनच मी तेव्हा 'नको' म्हणतो, आणि म्हणूनच ते तेव्हा फालतू वाटतं.

तुमचा यावरचा मुद्दा मला पाठ आहे: "हजारो लोक दर रविवारी जातात, त्यांना काही होत नाही." खरं आहे. बहुतेकांना काही होत नाही. आकड्यांच्या जोरावर मी तुम्हाला हरवू शकत नाही, आणि धबधब्याकडे जाताना वाटेतल्या महामार्गावर धोका नाही असंही नाही. मुलांनी ओलं व्हावंच, याबद्दल माझं तुमचं दुमत नाही.

तेव्हा पाय भिजवायचेच असतील तर एवढं करा. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा बघा, पण 'पुणे' नव्हे, 'पुणे घाटमाथा'; तो वेगळा दिलेला असतो. नारिंगी असेल, म्हणजे 24 तासांत साधारण 115 मिलिमीटरच्या वर, तर त्या दिवशी पाण्याकडे वळूच नका. पिवळा असेल तरी घळीतून येणाऱ्या धबधब्याखाली नको. रस्त्याकडेच्या कातळावरून पसरून झिरपणारं पाणी पुरे, मुलांना त्यातला फरक कळत नाही. प्रवाह ओलांडून पलीकडे जायचं नाही, गाडी ज्या काठाला आहे त्याच काठाला राहायचं. एका मोठ्या माणसाने कोरड्या जागी, वरच्या अंगाला तोंड करून उभं राहायचं आणि दुसरं काही करायचं नाही. फोटोसुद्धा नाही. त्याने बघायचं काय? पाणी गढूळ होतंय का, पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्यात का, मघाशी दिसणारा एखादा दगड बुडाला का, आवाज जड झाला का. यातलं एक जरी दिसलं तरी सामान न आवरता पाण्यापासून दूर, उंचावर निघायचं. चप्पल वाहून गेली तर जाऊ द्या. चपलेमागे धावणारा माणूस हा वेगळाच प्रकार आहे. आणि चुकून पलीकडे अडकलातच, तर उंच जागा धरून थांबा. जे ओढे मिनिटांत चढतात ते पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत उतरतातही. त्या वेळात 112 लावा आणि ठिकाण नीट सांगा. मावळात सुटकेचं काम करणारी शिवदुर्ग मित्रसारखी अनुभवी माणसं आहेत. अंधार पडेल, घरचे ओरडतील, या भीतीने ओलांडायला जाऊ नका.

इथपर्यंत मी तावातावाने बोलतो. पुढचं सांगताना आवाज खाली येतो.

पूर्वी मी याच उत्तरात एक ओळ जोडायचो: "पाण्यात उतरू नका, पुलावरून बघा." सोपा, सुरक्षित पर्याय. कुंडमळ्याबद्दल तर हमखास. तळेगावजवळ इंद्रायणीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षं गरगरून खडकात ही कुंडं पाडतात. वरून पाणी सपाट दिसतं, पायाखाली पुरुषभर खड्डा निघतो. म्हणून पात्रात नको, वर थांबा. युक्तिवाद बिनचूक होता.

15 जून 2025 ला, रविवारीच, तिथला जुना लोखंडी पूल कोसळला. चौघं गेले, पन्नासएक जखमी झाले. त्यावर गर्दी करून उभी असलेली माणसं पाण्यात उतरली नव्हती. ती माझ्याच त्या ओळीप्रमाणे वागत होती.

पूल धोकादायक आहे हे तिथे माहीत होतं, तसा फलकही होता, असं म्हणता येईल आणि मी स्वतःशी ते बऱ्याचदा म्हणून पाहिलंय. पण फलकाच्या पलीकडे शंभर माणसं आणि दोन-चार दुचाकी पुलावर उभ्या असल्या, की कुणाला फलक खरा वाटेल? पादचारी साकव ये-जा करणाऱ्यांसाठी असतो. पाणी बघायला एकाच कठड्याला टेकून उभ्या राहिलेल्या गर्दीचा भार वेगळा असतो, आणि गंजलेला सांधा वरून दिसत नाही. हे सगळं मला आता सुचतं. ती ओळ लिहिताना सुचलं नव्हतं.

ती ओळ मी काढून टाकली. तिच्या जागी काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. 'काठावर' लिहावं तर काठ भुसभुशीत असतो, 'लांबून' लिहावं तर लांबून बघायला कुणी दोन तास गाडी चालवत नाही. तोवर माझं उत्तर भाजेच राहील: नऊच्या आत, काठी घेऊन, पाणी पिऊन. आणि वाटेत ओढ्यावर साकव लागला, तर पाय ठेवण्याआधी त्यावर आत्ता किती माणसं उभी आहेत ते मोजा. मुलांना मोजायला लावा, तोवर ती खांब मोजून तयार झालेली असतील.