सॅन स्टॉर्म घेतली, पण कोणाकडून?

गाडी पसंत पडायला पाच मिनिटं लागली, नावावर व्हायला चौदा महिने.

बंगळुरूच्या सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म. दोन सीट, फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं, साठेक हॉर्सपॉवरचं इंजिन. दिसायला स्पोर्ट्स कार, पळायला हॅचबॅक. पण रस्त्यावर इतकी दुर्मीळ, की मी घासाघीस करायचंही विसरलो.

विकणाऱ्याने सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलण्याचे) पुढे केले. तिथेच उठायला हवं होतं. नंतर बंगळुरूच्या आरटीओतून बी-एक्स्ट्रॅक्ट काढला (गाडीचा सातबाराच म्हणा), तेव्हा कळलं, हा गृहस्थ कागदावर मालकच नाही. नोंद त्याच्या आधीच्या माणसाची, आणि तो वारलेला. मग त्यांच्या पत्नीला शोधलं. मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, वारसाच्या नावे करायचा फॉर्म ३१. गाडी आधी त्यांच्या नावावर, मग फॉर्म २८ भरून बंगळुरूची एनओसी (ना हरकत), मग कोल्हापुरात माझ्या नावावर. त्या बाईंनी एकदाही कुरकूर केली नाही. फक्त म्हणाल्या, "आमची गाडी पिवळी होती."

माझी लाल होती. उताऱ्यातही रंग पिवळाच.

पॉलिश पेपर मारला तसा लालखाली चंदेरी निघाला, त्याखाली पिवळा. पुढच्या बंपरला चांदणीसारखे तडे. उद्यमनगरातल्या डेंटरने बोटाने टकटक केलं नि हात झटकले. "साहेब, पत्रा असता तर ठोकला असता. हे होडीवाल्याचं काम." खरंच मालवणहून होड्या बनवणारा कारागीर आणला. त्याने तडे घासून व्ही आकारात उघडले, मॅट-रेझिनचे थर दिले. चार दिवसांत बंपर उभा. इंजिनाचं त्या मानाने सोपं गेलं: तेच इंजिन रेनॉ ट्विंगोत होतं, म्हणून टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप फ्रान्समध्ये शिकणाऱ्या मामेबहिणीच्या बॅगेतून आले. मामी अजून बोलत नाहीत. लोणच्याची बरणी तिथेच राहिली.

गाडी पंधरा वर्षांवरची, म्हणून पर्यावरण कर, नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म २५ आणि तपासणी. चेसिस नंबरची पेन्सिल-छाप तीनदा घेतली, कारण आकड्यांवर कोणीतरी लाल रंग मारलेला. शेवटी थिनर आणि दात घासायचा ब्रश.

आरसी आली त्या दिवशी बाईंना पुन्हा पिवळ्या केलेल्या गाडीचा फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"टप अजून गळतो का?"

"गळतो."

"मग तीच."