शब्द ऐकू येत नाहीत, मग ऐकता काय?

घरचे विचारतात, मित्र विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. भावगीतं ऐकत वाढलेला कान आधी शब्द शोधतो. शूगेझ या रॉक संगीताच्या प्रकारात गाणाऱ्याचा आवाज गिटारच्या गदारोळात बुडालेला असतो. उत्तर म्हणून एकाच अल्बमबद्दल सांगते: ‘राइड’चा पहिला अल्बम, ‘नोव्हेअर’.

ऑक्सफर्डचा हा चौघांचा बँड. ऑक्टोबर १९९० मध्ये क्रिएशन रेकॉर्ड्सने हा अल्बम काढला, तेव्हा मार्क गार्डनर आणि अँडी बेल जेमतेम वीस वर्षांचे होते. दोघंही गिटार वाजवतात, दोघंही गातात. एकमेकांत मिसळलेले त्यांचे आवाज मागेच राहतात, एखाद्या वाद्यासारखे. मग गाण्याची भावना कळते कुठून? माझ्या मते लॉझ कोल्बर्टच्या ड्रम्समधून. या अल्बमबद्दल बोलताना लोक गिटारवर थांबतात, ते मला पटत नाही.

‘ड्रीम्स बर्न डाउन’ घ्या. सुरुवातीला कोल्बर्टचे जड, संथ ठोके. वर स्वच्छ, जवळजवळ नाजूक गिटार. जे हवं ते मिळत नाही, एवढंच गाण्याचं म्हणणं. ते गाऊन होतं न होतं तोच गिटारांचा लोंढा अंगावर येतो, आणि ड्रम्स त्यात वाहून न जाता त्याला धरून ठेवतात. हवं ते न मिळण्याची धग मला त्या लोंढ्यात कळते; शब्द स्पष्ट असते तर मी त्यांच्यावरच समाधान मानलं असतं. ‘सीगल’मध्ये उलट आहे: तिथे स्टीव्ह क्वेराल्टचा बेस पुढे धावतो आणि बाकी सगळे त्याच्या मागे.

‘व्हेपर ट्रेल’ बेलने गायलंय. प्रेम आहे, पण वेळ पुरत नाही, असं ते गाणं. शेवटी तंतुवाद्यं येतात आणि बेलचं गाणं संपल्यावरही बराच वेळ वाजत राहतात. इथे तर शब्द बऱ्यापैकी ऐकूही येतात, तरी मी थांबते ती त्या तंतुवाद्यांसाठी.

मूळ एलपीवर आठच गाणी होती आणि ‘व्हेपर ट्रेल’ शेवटचं. सीडीवर त्यापुढे आणखी तीन आली. ती चांगली आहेत, पण पहिल्यांदा ऐकाल तेव्हा आठव्यावरच थांबा. आणि हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर बेस आणि ड्रम्स हरवतात, आणि मग उरतो तो नुसता गोंगाट.